चर्चमध्ये मुलांना शिकवण्याआधीची डीबीएस तपासणी: फुकट, चोख, तरी अर्धीच

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ‘तुमचं डीबीएस झालंय का?’ (म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी झालीय का?) हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. शाळेत मदतनीस व्हायचं असो, क्रिकेट क्लबात पोरांना शिकवायचं असो, रविवारची मराठी शाळा असो, किंवा माझ्यासारखी चर्चची शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धार्मिक वर्ग. मी मूळची मिरजेची, पेशाने नर्स. इथे मिडलँड्समधल्या एका पॅरिश चर्चमध्ये पाच ते आठ वर्षांच्या मुलांचा गट घेते. आधी स्वतः अर्जदार म्हणून या तपासणीतून गेले, आणि आता आमच्या सेफगार्डिंग ऑफिसरबाईंना (चर्चमधल्या मुलांच्या सुरक्षिततेचं काम पाहणाऱ्या बाईंना) मदत म्हणून नव्या स्वयंसेवकांची कागदपत्रं तपासते. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर जे वाटलं ते लिहिते आहे.

आधी निकाल सांगते. सेवा चांगली आहे. स्वयंसेवकाला सरकारी फी शून्य. पगारी माणसाच्या याच तपासणीला डिसेंबर २०२४ पासून ४९.५० पौंड पडतात. अर्ज ऑनलाइन भरता येतो, तो कुठवर पोचला ते दिसतं, आणि प्रमाणपत्र टपालाने थेट तुमच्या घरी येतं, चर्चच्या पत्त्यावर नाही. ही शेवटची गोष्ट मला फार आवडली. तुमची माहिती आधी तुमच्या हातात पडते. चूक असेल तर ती कमिटीने पाहण्याआधी तुम्हाला दिसते. पाचपैकी चार गुण मी डोळे मिटून देईन. पाचवा का नाही, ते पुढे येईल.

डीबीएस म्हणजे डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस. १ डिसेंबर २०१२ रोजी आधीच्या दोन संस्था एकत्र करून ही उभी राहिली. पण आजच्या पद्धतीमागचं कारण त्याच्या दहा वर्षं आधीचं आहे. ऑगस्ट २००२ मध्ये केंब्रिजशायरमधल्या सोहम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा गावातल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर. हंबरसाइडला राहत असताना त्याच्यावर बलात्काराचे आणि अल्पवयीन मुलींशी संबंध ठेवल्याचे आरोप एकापाठोपाठ एक झाले होते. एकातही शिक्षा झाली नव्हती, आणि ते आरोप त्याला नोकरी देणाऱ्या शाळेपर्यंत पोचलेच नाहीत. सर मायकल बिचर्ड यांच्या चौकशीचा अहवाल २००४ मध्ये आला, त्यातून २००६ चा कायदा आला, आणि मुलांसोबत काम करायला बंदी असलेल्या लोकांची आजची यादी आली.

म्हणून आमच्यासारख्यांची जी ‘एन्हान्स्ड’ (अधिक सखोल) तपासणी होते तिच्यात फक्त शिक्षा पाहत नाहीत. स्थानिक पोलिसांकडे असलेली, खटल्यापर्यंत न गेलेली माहितीसुद्धा, ती या कामाशी संबंधित आहे असं पोलीस अधिकाऱ्याला रास्तपणे वाटलं तर प्रमाणपत्रावर येते. काम ‘रेग्युलेटेड’ या व्याख्येत बसत असेल तर बंदीची यादीही पाहतात. ढोबळमानाने सांगायचं तर, कोणाच्या देखरेखीशिवाय मुलांना शिकवणं किंवा सांभाळणं, आणि तेही आठवड्यातून एकदा किंवा तीस दिवसांत चारदा तरी. मुलांबरोबर रात्रीच्या मुक्कामाला एकदा गेलात तरी पुरतं. त्या यादीत नाव असलेल्या माणसाने असं काम मागणं हाच गुन्हा आहे, आणि माहीत असून त्याला काम देणं हा संस्थेचा गुन्हा. नाताळच्या नाटकाला पडदा बांधायला आलेल्या काकांना ही तपासणी लागत नाही. सरसकट सगळ्यांची करून टाकू असं म्हणता येत नाही. हक्क नसताना एन्हान्स्ड तपासणी मागणं कायद्याला धरून नाही. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये पीव्हीजी नावाची वेगळी योजना आहे, उत्तर आयर्लंडला ॲक्सेसएनआय.

आता अर्ज. आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावात. फॉर्म म्हणतो, जन्मापासून आजवर वापरलेलं प्रत्येक नाव द्या, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत तेही द्या. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतंच, पण मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत पहिलं नावसुद्धा. नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर माझ्या वडिलांचं नाव आहे, पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि बँकेच्या कागदावर नुसतं आद्याक्षर. शिवाय वडिलांच्या ‘वसंत’चं स्पेलिंग एका कागदावर व्ही घेऊन सुरू होतं, तर दुसऱ्यावर डब्ल्यू. इथल्या तपासनिसाला हे सगळे कागद एकाच बाईचे आहेत हे पटवून द्यावं लागतं. नगरपालिकेकडून घेतलेला लग्न-नोंदणीचा दाखला इंग्रजीत असेल तर पाच मिनिटांत काम होतं. भारतातून निघताना तो बॅगेत टाकाच. नसेल तर पुढच्या खेपेला पहिलं काम ते करा.

बाकी कागद साधे. पासपोर्ट, फोटो असलेलं इथलं ड्रायव्हिंग लायसन्स, काउन्सिल टॅक्सचं पत्र किंवा तीन महिन्यांच्या आतलं बँक स्टेटमेंट. त्यातल्या एकावर तरी सध्याचा पत्ता हवा. पत्ते मागच्या पाच वर्षांचे, एकही महिना न सोडता. नर्सेसची इथे अडचण होते, कारण आल्याबरोबर हॉस्पिटलचं होस्टेल, मग कुणाच्या घरी एक खोली, मग भाड्याचा फ्लॅट, असं होतं. मला माझ्या पत्त्यांच्या तारखा जुन्या पगारपत्रकांवरून जुळवाव्या लागल्या. भारतातला पत्ताही चालतो. गल्ली, पेठ, पिनकोड सगळं लिहा.

अर्ज सहसा चर्च थेट डीबीएसकडे पाठवत नाही, मध्ये एक नोंदणीकृत संस्था असते. तिचा स्वतःचा प्रक्रिया-खर्च असू शकतो. तो चर्चने भरायचा असतो, स्वयंसेवकाकडून घेऊ नये. माझ्या वेळच्या मधल्या संस्थेचं संकेतस्थळ तीन शब्दांचं नाव नीट घ्यायलाच तयार नव्हतं, आणि फोनवर तासभर बसावं लागलं. पण तिथून अर्ज सुटला की पाच पायऱ्या: अर्ज मिळाला, राष्ट्रीय पोलीस संगणक पाहिला, बंदीची यादी पाहिली, स्थानिक पोलिसांकडे गेला, छपाई. चौथ्या पायरीवर वेळ जातो. तुम्ही जिथे जिथे राहिलात तिथल्या पोलिसांकडे अर्ज जाऊ शकतो, आणि एखाद्या दलाकडे काम तुंबलेलं असलं की थांबण्याशिवाय उपाय नाही. साठ दिवस उलटले तर चर्चच्या वतीने पाठपुरावा करता येतो. त्याआधी रोज फोन करून काही होत नाही. सप्टेंबरमध्ये गट सुरू करायचा असेल तर अर्ज जूनमध्येच टाका.

प्रमाणपत्र हातात घेऊन पाहण्यासारखं असतं. उजव्या कडेला मुकुटाच्या खुणेचा जलचिन्हाचा पट्टा, उजेडात धरला की उठून दिसतो. पार्श्वभूमीच्या नक्षीत ‘डिस्क्लोजर’ हा शब्द लाटांसारखा दोन्ही बाजूंना फिरतो. पाणी लागलं की कागदाचा आणि शाईचा रंग बदलतो. मधल्या चौकटींमध्ये पोलीस नोंदी, मुलांची बंदी-यादी, पोलिसांच्या विवेकाने दिलेली इतर माहिती, अशी एकेक ओळ, आणि बहुतेकांच्या प्रत्येक चौकटीत ‘नन रेकॉर्डेड’, म्हणजे काही नोंद नाही. मी कागद तपासायला बसते तेव्हा आधी या चौकटींकडे पाहत नाही. आधी नाव, जन्मतारीख, पत्ता, आणि ‘चाइल्ड वर्कफोर्स’ (मुलांसोबतचं काम) लिहिलंय का ते पाहते. हॉस्पिटलने केलेलं माझं डीबीएस इथे चाललं नाही. नोकरीची तपासणी वेगळी, चर्चच्या कामाची वेगळी.

यावर एक सोय आहे आणि ती कुणी आपणहून सांगत नाही. प्रमाणपत्र निघालं की तीस दिवसांच्या आत ‘अपडेट सर्व्हिस’मध्ये नाव घाला. स्वयंसेवकांना फुकट, पगारी लोकांना वर्षाला १६ पौंड. मग त्याच प्रकारच्या दुसऱ्या कामाला, म्हणजे चर्चच्या मुलांसोबत मराठी शाळाही घेत असाल तर, नवा अर्ज लागत नाही. तुमच्या परवानगीने ती संस्था ऑनलाइन पाहते की मूळ प्रमाणपत्रानंतर काही बदललं का. प्रमाणपत्राला कायद्याने मुदत नाही, ते फक्त निघालं त्या दिवसापुरतं खरं. आमचं चर्च ज्यात येतं त्या चर्च ऑफ इंग्लंडचा नियम दर तीन वर्षांनी तपासणी नव्याने करण्याचा आहे.

चौकटीत काही आलं म्हणजे माणूस बाद, असंही नाही. फार पूर्वी केलेल्या, मुलांशी संबंध नसलेल्या गुन्ह्याची नोंद आली म्हणून कुणाला मुलांना गोष्ट सांगण्यापासून रोखू नये. बसून बोलायचं, लिहून ठेवायचं, ठरवायचं. हा भाग आमच्या चर्चमध्ये फार माणुसकीने होतो असं मी पाहिलं आहे.

आता राहिलेल्या एका गुणाबद्दल.

माझं प्रमाणपत्र आलं, सगळीकडे ‘नन रेकॉर्डेड’, आणि सगळ्यांनी अभिनंदन केलं. पण मी मिरजेत वाढले, तिथेच शिकले, नोकरी केली. माझं निम्म्याहून जास्त आयुष्य महाराष्ट्रात गेलं, आणि त्यातली एकही ओळ या तपासणीने पाहिलेली नाही. डीबीएसला परदेशातल्या गुन्ह्यांच्या नोंदी पाहता येत नाहीत. काल इथे उतरलेल्या माणसाचं प्रमाणपत्रही कोरंच येणार. सरकारची सूचना आहे की परदेशात राहिलेल्या माणसाकडून त्या देशाच्या पोलिसांचा दाखला घ्यावा. नर्स म्हणून येताना मला व्हिसासाठी तो काढावा लागला होता: पासपोर्ट सेवा केंद्रात ५०० रुपये भरून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. मी तो चर्चला आपणहून दिला. त्यांनी मागितला नव्हता. मागायला संकोच वाटला असेल; परदेशातून आलेल्या बाईवर संशय घेतल्यासारखं दिसेल असं वाटलं असेल. माझं म्हणणं साफ आहे: मागा. माझ्याकडे मागा, झिम्बाब्वेहून आलेल्या भावाकडे मागा, दहा वर्षं स्पेनमध्ये राहून परतलेल्या इंग्रज जोडप्याकडेही मागा. सगळ्यांकडे मागितलं की कुणाचा अपमान होत नाही.

तपासणीचा असाच अपमान वाटून आमच्या एका आजींना राग आला होता. चाळीस वर्षं शब्बाथ शाळा घेतली, आता माझी परीक्षा घेता का, असं म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर कागद पसरून बसले होते. माहेरचं नाव, पहिल्या लग्नाचं, दुसऱ्या लग्नाचं, तीन आडनावं. मी म्हटलं, तुम्ही केलंत की उद्या येणारा कुठलाही माणूस ‘मला नको’ म्हणू शकणार नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्या नवऱ्याच्या आडनावाचं स्पेलिंग मला हळू हळू सांगितलं.

परदेशाच्या नोंदींहून मोठी उणीव मात्र दुसरीच आहे, आणि ती कुठल्याही सरकारी संस्थेला भरून काढता येणार नाही. पोलिसांच्या दप्तरात तेच असतं जे कुणीतरी जाऊन सांगितलं. चर्च ऑफ इंग्लंडमधलं जॉन स्माइथ या नामांकित वकिलाचं प्रकरण वाचा. ख्रिस्ती शिबिरांमधून तो मुलांना हेरायचा आणि विंचेस्टरमधल्या आपल्या घरामागच्या शेडमध्ये रक्त येईपर्यंत वेताने मारायचा. १९८२ मध्येच त्याच्या कृत्यांचा लेखी अहवाल चर्चमधल्या काही लोकांच्या हातात होता. पोलिसांकडे कुणी गेलं नाही. तो आधी झिम्बाब्वेला आणि पुढे दक्षिण आफ्रिकेला गेला. झिम्बाब्वेतही त्याने मुलांची शिबिरं चालवली. २०१८ मध्ये तो मेला, खटला न चालताच. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकरणाच्या चौकशीचा माकिन अहवाल आला, बळींची संख्या शंभराहून जास्त निघाली, आणि चर्चचे प्रमुख धर्मगुरू आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पायउतार व्हावं लागलं. स्माइथसारख्या माणसाची आजची सगळ्यात कडक तपासणी त्या काळात असती तरी काय दिसलं असतं? प्रत्येक चौकटीत ‘नन रेकॉर्डेड’. ज्यांना माहीत होतं त्यांनी नोंदच होऊ दिली नाही.

मुलांवरच्या अत्याचारांची इंग्लंड-वेल्समधली जी स्वतंत्र चौकशी झाली, तिच्या २०२० च्या अहवालात म्हटलंय की १९४० च्या दशकापासून २०१८ पर्यंत या चर्चशी संबंधित ३९० धर्मगुरू आणि जबाबदारीच्या जागेवरचे लोक मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरले. हे फक्त दोषी ठरलेले.

म्हणून चर्चने तपासणीच्या आजूबाजूला जे उभं केलंय ते मला तपासणीइतकंच मोलाचं वाटतं. आमच्याकडे कामाचं स्वरूप आधी लिहून दिलं जातं. अर्ज, मुलाखत, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं. ती नातेवाइकांची चालत नाहीत. माझ्या वॉर्डमधल्या सिस्टरने माझं पत्र दिलं, आणि तिला फोन करून खातरजमा केली गेली. ‘कॉन्फिडेन्शियल डिक्लरेशन’ नावाचा एक फॉर्म असतो, त्यात तुमच्याविरुद्ध कधी तक्रार किंवा चौकशी झाली होती का, हे स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. डीबीएस या सगळ्यानंतर. मग प्रशिक्षण, तेही फुकट आणि ऑनलाइन. आणि मुलांच्या खोलीत कधीही एकटं मोठं माणूस नाही. दुसरी शिक्षिका आली नाही तर गट मोठ्यांच्या उपासनेतच बसतो. गेल्या पावसाळी रविवारी तसंच झालं, मुलं कुरकुरली, मी त्यांना मागच्या बाकावर चित्रं काढायला बसवलं. डीबीएसचा कागद फाइलमध्ये असतो, पण मुलाला दर रविवारी वाचवतो तो हा दोघांचा नियम.

हे सगळं मी गावाकडच्यांनाही सांगते. आपल्या मंडळींमध्ये, म्हणजे गावाकडच्या चर्चमध्ये, शब्बाथ शाळेची ताई कशी ठरते? पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) उपासनेनंतर विचारतात, कोण घेणार? एखादी मुलगी हात वर करते, झालं. उन्हाळी बायबल शाळेला तर बाहेरगावाहून तरुण येतात, मुक्काम करतात. २०२० च्या पोक्सो नियमांनी (पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा भारतातला कायदा) मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी करायला सांगितलं आहे, पण त्या नियमाची भाषा कर्मचाऱ्यांची आहे. बिनपगारी ताई-दादांचा विचार मंडळीनेच करायला हवा. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना दिसते, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीला नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मात्र कुणीही स्वतःचा काढू शकतो.

माझ्या सासरकडच्या मंडळीत गेल्या सुट्टीत हा विषय काढला. एक ज्येष्ठ म्हणाले, ‘बाई, सगळी आपलीच माणसं आहेत, पोलीस कशाला मध्ये?’ मी म्हटलं, ‘काका, मुलांना त्रास देणारा बहुतेकदा आपल्याच माणसांतला असतो, म्हणून.’ थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग सासूबाईच बोलल्या. त्यांनी स्त्री संघाच्या वतीने सांगितलं की आमच्या मुली शिबिराला पाठवायच्या असतील तर आधी कागद दाखवा. वाद झाला. शेवटी पोलीस दाखल्याचं पुढच्या बैठकीवर गेलं, पण तीन गोष्टी ठरल्या: प्रत्येकाचा लेखी अर्ज, मंडळीबाहेरच्या एका माणसाचं शिफारसपत्र, आणि वर्गात कायम दोघं. पाळकसाहेबांनी पहिला अर्ज स्वतःचा भरला.

त्यासाठी मी चार पानांचा मराठी मसुदा केला आहे. स्वतःच्या सहीचं निवेदन, शिफारसपत्राचा नमुना, वर्गाचे नियम. पहिल्याच पानावर पोक्सोचं कलम १९ आहे: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकावरही, शिक्षिकेवरही, आणि न सांगणाऱ्याला शिक्षा आहे. त्याखाली मोठ्या आकड्यांत चाइल्डलाइनचा १०९८. कुणाच्या मंडळीला, बालवर्गाला किंवा इथल्या मराठी शाळेला तो हवा असेल तर सांगा. इंग्लंडमधल्यांसाठी डीबीएसच्या कागदपत्रांची यादीही सोबत जोडते.